हाड मोडलेले नाही, मग पुढे?

१९ ऑक्टोबर २०२३. पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर विश्वचषकातला भारत-बांगलादेश सामना चालू होता. हार्दिक पंड्या आपले पहिलेच षटक टाकत होता. लिटन दासने समोर मारलेला चेंडू पायाने अडवायला तो गेला, तोल सुटला आणि डावा घोटा अंगाखाली वाकला. मैदानातच पट्टी बांधली गेली, त्याने उभे राहून पाहिले, पण गोलंदाजी जमेना. षटकातले उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले. सामना भारताने सात गडी राखून जिंकला, कोहलीचे शतक झाले आणि दुसऱ्या दिवशीच्या गप्पांत तो घोटा मागे पडला. एक-दोन सामने चुकतील, मग येईल परत, असेच बहुतेकांना वाटत होते. ४ नोव्हेंबरला तो स्पर्धेबाहेर गेल्याची बातमी आली. मोठ्या स्पर्धेत पुन्हा खेळताना दिसला तो थेट २०२४ च्या मार्चमध्ये, आयपीएलला.

ज्याच्या दिमतीला डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, स्कॅनची यंत्रे आणि दिवसभराचा मोकळा वेळ आहे, त्यालाही घोटा इतका काळ अडवून ठेवू शकतो. आपल्याकडे मात्र पाय मुरगळलेला माणूस तिसऱ्या दिवशी बसच्या रांगेत उभा असतो. धाडस म्हणून नव्हे, रजा नसते म्हणून. शिवाय घरात, शाळेत, कचेरीत सगळ्यांची समजूत एकच: मुरगळलाच आहे ना, मोडला तर नाही!

या पुस्तकाचा जन्म त्या समजुतीतून झाला. पाय मुरगळला की पहिला प्रश्न येतो, हाड मोडलंय का? प्रश्न रास्त आहे. एक्स-रे निघतो, डॉक्टर तो उजेडासमोर धरतात, ‘फ्रॅक्चर नाही’ म्हणतात आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. गोळ्या मिळतात, क्रेप बँडेज मिळते, ‘आठ दिवस जपा’ असे सांगितले जाते. आठ दिवसांनी सूज ओसरलेली असते, दुखणे सोसण्याइतके झालेले असते आणि प्रकरण मिटले असे सारे धरून चालतात. मला या पुस्तकात सांगायचे आहे ते नेमके याच्या उलट. हाड मोडलेले नाही हे कळते तिथे तपास संपतो, उपचार तिथून सुरू होतात. आणि त्या उपचारांचा सर्वांत महत्त्वाचा भाग दुखणे थांबल्यावर करायचा असतो. तोच जवळपास कोणी करत नाही.

पहिल्यांदा घोटा मुरगळलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना पुढे त्याचा कायमचा त्रास राहू शकतो, असे अभ्यास सांगतात. घोटा अधूनमधून दगा देतो, सपाट रस्त्यावरही पाय आत वळतो, संध्याकाळी सूज येते, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. वर्षभरानंतरही दुखत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ५ ते ३३ टक्के आढळले आहे. किरकोळ म्हणून सोडून दिलेल्या दुखापतीचे हे आकडे आहेत.

आता हा घोटा आतून कसा आहे ते पाहू. पोटरीत दोन हाडे असतात. नडगीचे जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला असलेले बारीक हाड. घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणारे उंचवटे ही या दोन हाडांचीच खालची टोके. आतला उंचवटा नडगीचा, बाहेरचा बारीक हाडाचा. या दोहोंच्या मध्ये, सुताराने खाच करून बसवलेल्या लाकडासारखे, पावलातले एक हाड बसलेले असते. त्याला टॅलस म्हणतात. शरीराचा सगळा भार पावलात उतरतो तो याच्यातून, आणि तरीही एकही स्नायू याला चिकटलेला नाही. आजूबाजूच्या हाडांच्या आकाराने आणि अस्थिबंधांनी म्हणजे लिगामेंटनी त्याला जागेवर धरून ठेवलेले असते.

अस्थिबंध म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारे चिवट पट्टे. घोट्याच्या आतल्या बाजूला त्यांचा एक रुंद, भक्कम पंखा असतो. तो सहसा फाटत नाही. बाहेरच्या बाजूला तीन वेगळे, तुलनेने बारीक पट्टे असतात. त्यांतला पुढचा, बाहेरच्या उंचवट्यापासून टॅलसकडे जाणारा, सर्वांत नाजूक. पाय आत वळला की पहिला तडाखा त्यालाच बसतो. जोर जास्त असेल तर त्याच्यामागून टाचेच्या हाडाकडे उतरणारा दुसरा पट्टा जातो. तिसरा, अगदी मागचा, क्वचितच फाटतो. ज्याला आपण पाय मुरगळणे म्हणतो ती बहुतेक वेळा या पहिल्या दोन पट्ट्यांची गोष्ट असते. थोडे तंतू ताणले गेले तर पहिली पायरी, अर्धवट फाटले तर दुसरी, पूर्ण तुटले तर तिसरी. मात्र सूज किती आली यावरून पायरी ठरवता येत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत तर अनुभवी हातांनाही ती नेमकी ओळखता येत नाही. चार-पाच दिवसांनी सूज आणि वेदना जराशा उतरल्यावर केलेली तपासणी जास्त भरवशाची ठरते.

उतरतानाच पाय का मुरगळतो, हा प्रश्न मला गड चढणारी मुले नेहमी विचारतात. राजगडाची वाट चढताना दम लागतो. घोटा जातो तो संध्याकाळी उतरताना, मुरमावर. याचे एक कारण थकवा. पण दुसरे कारण टॅलसच्या आकारात आहे. हे हाड पुढच्या बाजूला रुंद आणि मागे अरुंद असते. पाऊल वर उचललेले असते तेव्हा रुंद भाग खाचेत घट्ट बसतो आणि सांधा जवळपास कुलूपबंद होतो. उतारावर किंवा जिन्यावर आपण बोटे खाली नेऊन पाऊल टाकतो तेव्हा खाचेत अरुंद भाग येतो आणि सांधा सैल पडतो. उंच टाचेच्या चपलेतही पाऊल दिवसभर याच सैल अवस्थेत असते. अशा वेळी हाडांचा आधार कमी होतो आणि सगळी भिस्त त्या बारीक पट्ट्यांवर येते.

स्नायूंचे काय? पोटरीच्या बाहेरच्या अंगाला दोन स्नायू आहेत, त्यांचे काम पाऊल आत वळू लागले की त्याला बाहेर ओढणे. ते बळकट असतील तर घोटा वाचेल असे वाटते. पण पाय मुरगळतो तो सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी वेळात. धोक्याची खबर मज्जातंतूंतून वर जाऊन, हुकूम खाली येऊन, स्नायू आवळेपर्यंत पट्टा फाटून गेलेला असतो. म्हणून नुसता जोर वाढवून भागत नाही. पाऊल टेकण्याच्या आधीच शरीराला त्याची नीट जागा ठाऊक असावी लागते. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे, कारण सगळ्या उपचारांची किल्ली त्यात आहे.

त्याआधी हाडाचा प्रश्न मिटवू. १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावा शहरात इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही साधे नियम मांडले. तिथल्या तातडीच्या विभागात घोटा घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा एक्स-रे काढला जायचा आणि बहुतेकांचे हाड शाबूत निघायचे. कोणाला एक्स-रे खरोखर हवा, हे बोटांनी चाचपून सांगता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असे निघाले: आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या टोकावर, अथवा त्याच्या मागच्या कडेवर खालच्या सहा सेंटीमीटरमध्ये, हाडावर दाबल्यावर दुखते का? पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीकडून मागे येताना मध्यावर जे हाड उंच लागते, तिथे दुखते का? आतल्या बाजूला, पावलाच्या कमानीच्या वरच्या हाडावर दुखते का? आणि माणूस दुखापतीनंतर लगेच व तपासणीच्या वेळी, असे दोन्ही वेळा, चार पावले टाकू शकतो का? लंगडत टाकली तरी चालतील. यांपैकी काहीच दुखत नसेल आणि चार पावले जमत असतील तर मोडलेले हाड निसटण्याची शक्यता फारच थोडी. पुढे वेगवेगळ्या देशांत हे नियम तपासले गेले आणि खरे ठरले. त्यांच्यामुळे एक्स-रे सुमारे एक तृतीयांशाने कमी करता येतात.

यातला करंगळीच्या बाजूचा मुद्दा बऱ्याचदा राहून जातो. लोक घोट्याकडे पाहत बसतात आणि मोडलेले असते ते पावलाच्या कडेचे हाड. लिव्हरपूलचे प्रसिद्ध अस्थिशल्यविशारद रॉबर्ट जोन्स यांनी १९०२ मध्ये या भागातल्या हाडमोडीचे वर्णन छापले, आणि त्यातला एक रुग्ण ते स्वतःच होते. नाचताना त्यांचे पाऊल दुखावले होते. रॉन्टगेनने क्ष-किरण शोधून तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती, आणि त्या किरणांमुळेच ही मोड दिसली. तिला आजही जोन्स यांचेच नाव आहे.

ओटावाच्या नियमांना मर्यादा आहेत आणि त्या आपल्याकडे विशेष महत्त्वाच्या आहेत. लहान मुलांची हाडे वाढत असतात, वाढीच्या पट्टीला मार बसू शकतो. त्यांना डॉक्टरांकडे न्यावेच. दारू प्यायलेल्या माणसाच्या ‘दुखत नाही’वर विश्वास ठेवू नये. आणि मधुमेह. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतल्या अनेकांच्या पावलांतली संवेदना कमी झालेली असते. हाड मोडले तरी त्यांना चालता येते, कारण दुखतच नाही. जुना मधुमेह असलेल्या माणसाचे पाऊल सुजलेले, लालसर आणि दुसऱ्या पावलापेक्षा गरम लागत असेल, आणि दुखणे मात्र नावापुरते असेल, तर ‘मुरगळला असेल’ म्हणून घरी थांबू नका. त्याच दिवशी दाखवा. त्या पावलावर टाकलेले प्रत्येक पाऊल आतली हाडे आणखी बिघडवत असते. पुस्तकात यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

आता पहिले दोन-तीन दिवस. याबाबत आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नाही. आंबेहळदीचा लेप, रक्तचंदन, तुरटी, निर्गुडीचा शेक, मिठाचे गरम पाणी, मालीश, आणि गावात हाडवैद्य असेल तर तो. कुठे कुठे पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचीही रीत आहे. या सगळ्याला मी एका मापाने मोजत नाही. थंड लेपाने अपाय होत नाही, कातडी फुटलेली नसली म्हणजे झाले. उलट लेप लावायला घरातले कोणी जवळ बसते, पाय उशीवर ठेवायला लावते, ‘उठू नकोस, मी आणून देते’ म्हणते. यातले शेवटचे वाक्य औषधच आहे. गरम लेप आणि शेक मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांत नको. फाटलेल्या पट्ट्यातून रक्त झिरपत असते, उष्णतेने ते वाढते. जोरकस मालीश तर अजिबातच नको. आणि ‘नस चढलीय, बसवून देतो’ म्हणून पाऊल धरून झटका देणाऱ्याला, तो कितीही नावाजलेला असो, ठाम नकार द्या. हाड मोडलेले असले तर तो झटका तुकडे हलवतो. नसले तर उरलेले तंतू तोडतो.

बर्फाची गोष्ट निराळी आहे. १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी क्रीडावैद्यकावरच्या आपल्या पुस्तकात विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची हे चार शब्द एकत्र आणले. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचे ‘राइस’ जगभरच्या प्रथमोपचाराच्या तक्त्यांवर चढले. २०१४ मध्ये खुद्द मर्किननीच लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येण्याची क्रिया लांबूही शकते. सूज म्हणजे केवळ बिघाड नाही. दुरुस्तीचे साहित्य घेऊन येणाऱ्या पेशीही तिच्यातूनच येतात. मग बर्फ लावायचा की नाही? माझे उत्तर असे: दुखणे कमी करण्यासाठी लावा, पहिल्या दिवशी-दोन दिवशी, ओल्या फडक्यातून, एका वेळी दहा-पंधरा मिनिटे. बर्फाने पट्टा लवकर जुळेल या आशेने तासन्‌तास लावून बसू नका.

दाबाचे आणि उंचीचे महत्त्व मात्र टिकून आहे. क्रेप बँडेज बोटांच्या मुळाशी सुरू करून वर न्यायचे असते. बरेच जण घोट्यापासून सुरुवात करतात आणि मग पुढचे पाऊल निळे पडून फुगते. घोट्याभोवती ते आठच्या आकड्यासारखे तिरके फिरवावे. सुश्रुतसंहितेत सांध्यांसाठी सांगितलेला स्वस्तिक बंध याच जातीचा आहे. हातांना हे गणित फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बोटे बधिर झाली, गार पडली की बँडेज सोडून सैल बांधा. पाय उंच ठेवा म्हणजे स्टुलावर नव्हे. आडवे होऊन, पोटरीखाली लोड किंवा दोन उशा घेऊन, पाऊल छातीपेक्षा वर येईल असे.

प्लॅस्टर घालावे का, यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. हलक्या आणि मध्यम मुरगळण्यात पाय जखडून ठेवण्यापेक्षा आधार देऊन हालचाल ठेवणे चांगले, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसले आहे. पण ब्रिटनमध्ये ५८४ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या एका अभ्यासात वेगळे चित्रही दिसले. ज्यांना तीन दिवसांनंतरही पायावर भार देता येत नव्हता, अशा गंभीर दुखापतीत दहा दिवस गुडघ्याखालचे प्लॅस्टर घातलेले लोक नुसता नळीसारखा पट्टा वापरणाऱ्यांपेक्षा तीन महिन्यांनी अधिक सावरलेले होते. नऊ महिन्यांनी दोघांत फरक उरला नाही. म्हणजे दहा दिवसांचे प्लॅस्टर काहींना उपयोगी पडते. सहा आठवड्यांचे प्लॅस्टर ही वेगळी गोष्ट आहे. त्यातून बाहेर निघालेली बारीक पोटरी आणि ताठ सांधा पूर्ववत करायला नंतर महिने जातात.

वेदनेवर साधे पॅरासिटामॉल किंवा वरून लावायचे डायक्लोफिनॅकचे मलम बहुतेकांना पुरते. दुकानातून आणलेल्या दाहशामक गोळ्या मूत्रपिंडाचा, जठराचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. काठी वापरायची तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. हे कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवे असते.

तीन-चार दिवसांनी पाऊल हलवायला सुरुवात होते. बसल्या जागी पाऊल वर-खाली, मग अंगठ्याने हवेत अक्षरे काढणे, मग भार देत चालणे. यात माझा आग्रह एका हालचालीसाठी आहे: पाऊल नडगीकडे वर वळण्याची. ती हरवली की आपल्या जगण्यातली बरीच ठिकाणे बंद होतात. उकिडवे बसणे, देशी शौचकूप, शेतातली खुरपणी, नळाखाली बादली भरत बसणे, खो-खोत पाटीवर बसणे, या सगळ्यांत टाच जमिनीला टेकवून गुडघा पुढे न्यावा लागतो. भिंतीकडे तोंड करून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून पाहा. चांगल्या पायाचा अंगठा भिंतीपासून चार बोटे दूर असताना गुडघा टेकतो आणि दुखावलेल्याचा दोनच बोटांवर अडतो, तर सांधा अजून मोकळा झालेला नाही. घरच्या घरी करायची इतकी चांगली मोजणी दुसरी नाही. रोज करा, दोन्ही पायांची तुलना करा.

आणि आता तो भाग, ज्याच्यासाठी हे पुस्तक लिहिले.

१९६५ मध्ये मायकेल फ्रीमन या इंग्लिश शल्यविशारदांनी एक निरीक्षण मांडले. पाय मुरगळून बरे झालेल्या अनेकांचा घोटा पुढे दगा देत होता, पण तपासल्यावर त्या सगळ्यांचेच अस्थिबंध सैल सापडत नव्हते. मग दगा का? फ्रीमन यांचे म्हणणे असे की अस्थिबंध हा नुसता दोर नाही. त्यात मज्जातंतूंची टोके असतात आणि सांधा या क्षणी कुठे, किती वळला आहे याची वर्दी ती सतत देत असतात. पट्टा फाटतो तेव्हा ही टोकेही तुटतात. पट्टा भरून येतो, वर्दी मात्र अपुरी राहते. त्यांनी काही रुग्णांना डुगडुगणाऱ्या फळीवर उभे राहण्याचे व्यायाम दिले आणि त्यांच्यात दगा देणाऱ्या घोट्यांचे प्रमाण घटले. पुढच्या संशोधनाने यात भर घातली. बिघाड फक्त सांध्यात नसतो, मेंदू त्या पायाला चालवण्याची पद्धतच बदलतो, नितंबाच्या स्नायूंपर्यंत त्याचे पडसाद उमटतात. पण उपायाची दिशा फ्रीमन यांनी दाखवली तीच राहिली.

हे प्रत्यक्ष पाहायचे तर शाळेतली एखादी खो-खो खेळणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. मुरगळून तीन आठवडे झालेत. ‘ताई, आता दुखत नाही, शनिवारी सामना आहे, खेळू ना?’ तिला अनवाणी, एका पायावर उभे करायचे. आधी चांगल्या पायावर. पाऊल स्थिर दिसते, पण नीट पाहिले तर त्यावर सतत काम चालू असते: घोट्यासमोरच्या शिरा आळीपाळीने उठतात, कमान किंचित आवळते, सैल होते, वरचे शरीर शांत राहते. मग दुखावलेल्या पायावर. आता बोटे जमिनीला घट्ट धरू लागतात, नखांच्या कडा पांढऱ्या पडतात, घोटा फारसे काही करत नाही आणि तोल सांभाळायचे काम कंबर व हात करू लागतात. तरीही ती उभी राहते. ‘डोळे मिट.’ दोन-तीन सेकंदांत दुसरा पाय खाली येतो. पुन्हा मिटते, पुन्हा येतो. तिला स्वतःलाच नवल वाटते, कारण दुखत तर काहीच नसते. खो-खोत खांबाशी वळताना डोळे उघडे असले तरी ते पावलाकडे नसतात. तिथे पायाला स्वतःलाच कळावे लागते.

या मुलीला शनिवारी खेळू द्यायचे नसते. तिला पुढचे सहा-आठ आठवडे रोज थोडा वेळ उभे राहायचे असते. आधी फरशीवर डोळे उघडे ठेवून, मग मिटून, मग दुमडलेल्या चादरीवर किंवा उशीवर, मग तशा अवस्थेत चेंडू झेलत, शेवटी एका पायावर उडी मारून स्थिर होत. उपकरण लागत नाही. दात घासताना करता येते, दूध तापेपर्यंत ओट्याशी उभे राहून करता येते. वृद्धांनी मात्र दाराची चौकट हाताशी ठेवावी. नेदरलँड्समध्ये ५२२ खेळाडूंवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांनंतर निम्म्यांना आठ आठवडे घरच्या घरी, कोणाच्याही देखरेखीशिवाय करायचे तोलाचे व्यायाम दिले. पुढच्या वर्षभरात व्यायाम न दिलेल्यांपैकी ३३ टक्क्यांचा पाय पुन्हा मुरगळला. व्यायाम दिलेल्यांपैकी २२ टक्क्यांचा. कोणतीही गोळी, कोणताही लेप हे करू शकत नाही. खेळात परतताना काही महिने घोट्याला ब्रेस किंवा टेप लावला तर पुन्हा मुरगळणे आणखी कमी होते. ब्रेसने पाय ‘सवयीने कमजोर’ होतो ही भीती अनाठायी आहे.

इतके करूनही घोटा वारंवार दगा देत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार येतो. स्वीडनच्या लेनार्ट ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ मध्ये वर्णिलेली, फाटके पट्टे जागेवर शिवून घट्ट करण्याची पद्धत आजच्या बहुतेक शस्त्रक्रियांचा पाया आहे. तिचे निकाल चांगले असतात. पण ज्यांनी तोलाचे व्यायाम मनापासून तीन महिने केलेलेच नाहीत, त्यांनी थेट तिथे पोहोचू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शस्त्रक्रियेनंतरही तेच व्यायाम करावे लागतात.

मुरगळल्यासारख्या वाटणाऱ्या, पण वेगळ्या असलेल्या दुखापतींसाठी एक प्रकरण राखले आहे. मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटून चवड्यावर उठता येईनासे झाले, तर टाचेमागची जाड शीर तुटलेली असू शकते. दुखणे घोट्याच्या वर, दोन हाडांच्या मध्ये असेल आणि पाऊल बाहेर फिरवल्यावर वाढत असेल, तर त्या दोन हाडांना बांधणारा वरचा अस्थिबंध गेलेला असू शकतो; तो साध्या मुरगळण्याहून बराच जास्त वेळ घेतो. सहा आठवड्यांनंतरही सांध्यात खोल कुठेतरी दुखते, अडकते, तर टॅलसच्या कूर्चेला मार लागला असेल. एमआरआयचा खरा उपयोग तिथे, पहिल्या दिवशी नव्हे.

हे पुस्तक कबड्डीत पकडीतून पाय सोडवणाऱ्यांसाठी, गडवाटा तुडवणाऱ्यांसाठी आणि आषाढीला आळंदीहून पंढरपूरला चालत निघणाऱ्यांसाठी आहे. तितकेच ते खड्ड्यात पाय गेल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे उठून डबे करणाऱ्या बायकांसाठी आहे. खेळाडूला निदान मार्गदर्शक ‘बस’ म्हणतो. या बायकांना बसायला सांगणारे कोणी नसते. घरातल्या इतरांनी हे पुस्तक वाचले तर दहा दिवस स्वयंपाकघराचा भार कोणी उचलायचा हेही ठरवता येईल, म्हणून त्या दहा दिवसांत घरकामाची वाटणी कशी करावी हेही मी मुद्दाम उपचारांच्या प्रकरणातच लिहिले आहे.

वाचण्याचा क्रम ज्याच्या-त्याच्या घोट्यावर अवलंबून आहे. ज्यांचा पाय आज किंवा काल मुरगळला आहे त्यांनी पहिले प्रकरण आत्ताच वाचावे, त्यातली चार पावलांची चाचणी करावी आणि बाकीचे पुस्तक पाय लोडावर ठेवून सावकाश वाचावे. ज्यांना मुरगळून महिने झाले आहेत, दुखत नाही पण भरवसाही वाटत नाही, त्यांनी थेट पाचव्या प्रकरणापासून सुरुवात करावी. तिथे पहिल्याच पानावर आठ आठवड्यांच्या व्यायामांचा तक्ता आहे. त्याची एक प्रत काढून आरशाशेजारी चिकटवावी आणि पहिल्या दिवशी डोळे मिटून किती सेकंद उभे राहता आले, तो आकडा दोन्ही पायांचा लिहून ठेवावा.